ओझेलाचा तिसरा उद्धार

ओझेला रकरचा हा तिसरा उद्धार होता, आणि तिन्ही उद्धारांना ऑर्गन तिच्या धाकट्या बहिणीनेच, लूडीनेच वाजवला होता.

पहिला उद्धार अडुसष्ट साली झाला. रेकॉर्ड कंपनीने ओझेलाला बाहेरचा रस्ता दाखवला आणि महिन्याभरात तिला प्रभू येशू भेटला. मेम्फिसच्या न्यू सायलोम बॅप्टिस्ट चर्चमध्ये, जिथे दोघी बहिणी लहानाच्या मोठ्या झाल्या, तिथे ती पुढच्या बाकासमोर गुडघ्यांवर कोसळली. दारू सोडली, सिगारेट सोडली, देवाची नसलेली सगळी गाणी सोडली असं रडत रडत सांगितलं, भक्तिगीतांची एक रेकॉर्ड काढली आणि दीड वर्षाने पुन्हा चमचमता झगा घालून लास वेगासला गेली. दुसरा उद्धार पंच्याहत्तरचा. तेव्हा टल्साजवळ तिची गाडी उलटली होती म्हणे, आणि देवदूताने तिला खिडकीतून बाहेर ओढलं होतं. गाडी उलटलीबिलटली नव्हती. खांबाला घासून तिचा पुढचा एक दिवा फुटला होता. लूडीला हे पक्कं ठाऊक होतं, कारण ती गाडी त्यानंतर तीन आठवडे तिच्याच अंगणात उभी होती. पण चर्चमध्ये साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्याला कसं वाचवलं ते सांगताना, ओझेला त्या गाडीला दर रविवारी एक कोलांटी जास्त मारायला लावायची.

आता त्र्याऐंशी साल होतं. सोल संगीत गाणाऱ्यांना कुणी विचारेनासं झालं होतं. ज्या गाण्यावर पासष्ट साली अख्खा देश नाचला, ते गाणं ओझेला आता सुपरमार्केटांच्या उद्घाटनात गात होती. ती पन्नाशीची झाली होती. तेव्हा देवाची आठवण होणारच होती, आणि झाली. या खेपेला अटलांटाच्या एका रेकॉर्ड कंपनीचा लॅटिमर नावाचा माणूस बरोबर होता. नवी रेकॉर्ड कुठल्या स्टुडिओत नाही, तर घरच्या चर्चमध्ये, घरच्या मंडळीसमोर, रविवारी दुपारी तीन वाजता करायची ठरली होती. आणि ऑर्गनवर सख्खी बहीण. लॅटिमर म्हणे हे ऐकूनच खुर्चीतून उठला होता.

लूडीला बहिणीची किळस यायची. राग आला असता तर परवडलं असतं, राग येतो आणि जातो. ही किळस होती, न वाळलेल्या फडक्याच्या वासासारखी, घरभर बसलेली. ओझेलाच्या रडण्याची किळस, कारण ते रडणं बरोबर शेवटच्या कडव्याआधी यायचं. तिच्या मिठीची किळस, कारण मिठीत असतानाही ती खांद्यावरून कोण बघतंय ते बघायची. आणि सगळ्यात जास्त चीड कशाची, तर आवाजाची. तो खोटा नव्हता. बाई नखशिखांत खोटी आणि आवाज शंभर टक्के खरा. तिने तोंड उघडलं की लूडीच्या पाठीतून आजही शिरशिरी जायची, आणि त्या शिरशिरीबद्दल लूडीला स्वतःचीसुद्धा किळस यायची.

लूडी आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि एकोणतीस वर्षं दर रविवारी न्यू सायलोमचा ऑर्गन वाजवत आली होती. तिचं काम गाण्यांपेक्षा लोकांच्या बोलण्याला साथ देण्यातच जास्त असे. त्या चर्चमध्ये कुणी कोरडं बोलत नसे. माणूस साक्ष द्यायला उभा राहिला की मंडळी त्याला ‘हो’, ‘बोल’, ‘वेळ घे’ म्हणत पुढे नेते, आणि खालून ऑर्गन चालतो. बोलणारा दम घेतो तिथे ऑर्गन उत्तर देतो, तो चढतो तसा चढतो, त्याचा गळा भरून आला की खाली उतरून त्याला हात देतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काय बोलतोय माणूस! निम्मं तर ऑर्गनच बोलत असतो. लूडीने तोतऱ्यांचीही भाषणं रंगवली होती. दोन पाळकांची, प्रवचन देणाऱ्या धर्मगुरूंची, अख्खी कारकीर्द तिच्या पायाखालच्या पेडलवर उभी होती, आणि त्यातल्या एकाला ते ठाऊकही होतं.

शनिवारी दुपारी ओझेला लूडीच्या स्वयंपाकघरात बसली होती. डोक्यावरचा केसांचा टोप काढून तिने टेबलावर, पावाच्या ताटलीशेजारी ठेवला होता. लूडीने तो उचलून खुर्चीवर ठेवला. ओझेलाने पुन्हा टेबलावर ठेवला.

“मीठ कमी आहे,” डुकराच्या मानेची हाडं चोखता चोखता ओझेला म्हणाली. तिने तिसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

“डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय.”

“तुला सांगितलंय. मला नाही.” तिने बोटं चाटली. “बरं ऐक. उद्या तिसऱ्या गाण्यानंतर माझी साक्ष. तू खालच्या पट्टीत हळूच सुरू कर, मी बोलायला लागले की.”

“गाडी किती कोलांट्या मारणार आहे उद्या?”

“मार टोमणे. गाडी जुनी झाली. उद्या आई.”

लूडी कोबी वाढत होती. डाव हातातच राहिला.

“आई काय?”

“आईचं जाणं. मी तिचा हात धरलाय. ती माझ्याकडे बघते आणि म्हणते, बाळा, बाहेरच्यांसाठी पुष्कळ गायलीस, आता देवबापाच्या घरी ये. आणि डोळे मिटते. लॅटिमरला गाडीत सांगितलं तर त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली, लूडी. मोठा माणूस, ढसाढसा रडला.”

“तू नव्हतीस तिथं.”

“मला माहीत आहे गं मी कुठं होते.”

“रेनोत होतीस. मी तीन फोन केले तुला. तीन.”

“काम होतं मला! कितीदा तेच तेच उगाळशील?”

लूडीने डाव भांड्यात टाकला. सहा वर्षं आई पलीकडच्या खोलीत पडून होती. अर्धं अंग गेलेलं. लूडी पहाटे तिला पुसायची, कुशीवर वळवायची, पाठीवरच्या जखमांना मलम लावायची, भरवायची आणि मग शाळेत तीनशे पोरांना भरवायला जायची. ओझेला दर मदर्स डेला अत्तराची बाटली पाठवायची. आईचं अंग गेलं होतं, नाक शाबूत होतं. त्या वासाने तिला उलटी व्हायची. लूडी त्या बाटल्या मोरीत रिकाम्या करायची. मग अंत्यविधीला ओझेला आली, पांढरा फरकोट घालून आली, आणि दोनदा बेशुद्ध पडली. दोन्ही वेळा फोटोवाल्याच्या बाजूला.

“आईला यात आणायचं नाही,” लूडी म्हणाली.

“अगं, तुझं काय जातंय?” ओझेलाने खरंच न कळून विचारलं, आणि तेच भयंकर होतं. “तू काय साक्ष द्यायला उभी राहणार आहेस? इतकी चांगली गोष्ट, आणि तुझ्याकडे नुसती पडून आहे.”

लूडीला वाटलं, हिला तो टोप, ती हाडं, ती बोटं, सगळ्यासकट उचलून अंगणात टाकावं. एवढं एकच तिचं स्वतःचं होतं. नवरा टिकला नाही, पोर झालं नाही, नाव झालं नाही. आईचं मरण मात्र तिने पूर्ण बघितलं होतं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, आणि ते तिचं होतं.

“माझ्या आईला तू विकणार नाहीस, ओझेला. शपथ घे.”

“माझीही आई होती ती.”

“शपथ घे, नाहीतर उद्या दुसरी ऑर्गनवाली बघ.”

ओझेलाने बहिणीकडे नीट बघितलं. मग ओशट हात वर केला. “घेतली. आई नाही. समाधान? आता वाढ तो कोबी.”

रविवारी दुपारी लूडी चर्चमध्ये शिरली तर वेदीसमोरून मनगटाएवढ्या जाड वायरी गेल्या होत्या. प्रभुभोजनाचं टेबल भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि त्यावर कुणाचा तरी कोकचा कॅन होता. तिने तो उचलून कचऱ्यात टाकला. लॅटिमर गळ्यात हेडफोन अडकवून सगळीकडे फिरत होता आणि दिसेल त्या वस्तूला ‘सुंदर, सुंदर’ म्हणत होता. वयस्क मातांच्या बाकावर, जिथे पांढऱ्या पोशाखातल्या आणि पांढऱ्या हॅटमधल्या म्हाताऱ्या बसतात, त्याने मदर ओडमच्या बरोबर डोक्यावर मायक्रोफोन टांगला होता. मदर ओडम अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती आणि तिचा ‘हो प्रभू’ रस्त्यापर्यंत ऐकू जायचा.

“आजी, जेव्हा मनात येईल तेव्हा अगदी मोकळेपणी ओरडा हं,” लॅटिमर तिला म्हणाला.

“मी देवाला हाक मारते, बाळा,” मदर ओडम म्हणाली. “तुझ्या यंत्राला नाही.”

“सुंदर,” लॅटिमर म्हणाला.

मग त्याने सगळ्या मंडळीकडून दोनदा हालेलुया म्हणवून घेतलं, आवाज नीट येतो का ते बघायला. आणि मंडळी म्हणाली! लूडीला त्याचीच जास्त शिसारी आली. चारशे मोठ्या माणसांनी देवाचं नाव घशातून काढून त्या माणसाला तपासायला दिलं. पाळक, रेव्हरंड टॉलिव्हर, नवीन सूट घालून पहिल्या खुर्चीत बसले होते आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर आपला फोटो येणार असल्यासारखे हसत होते. येणारही होता.

ओझेला पांढऱ्या झग्यात आली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. काय सांगायचं! दुसऱ्या गाण्यात तिने एक शब्द धरला आणि तो सोडेचना, वळवत राहिली, मोडत राहिली, पुन्हा जोडत राहिली, आणि मागच्या रांगेत एका बाईची हॅट खाली पडली तरी तिला कळलं नाही. लूडी वाजवत होती आणि मनात म्हणत होती, देवा, तुला दुसरं तोंड सापडलं नाही का रे हा आवाज ठेवायला?

तिसरं गाणं संपलं. ओझेलाने रुमालाने कपाळ टिपलं. लूडीने ठरल्याप्रमाणे खालच्या पट्टीत सुरुवात केली.

“मी फार लांब गेले होते, मंडळी,” ओझेला म्हणाली.

“बोल!”

“नाव होतं, गाड्या होत्या, फर होते...”

“वेळ घे, लेकी!”

ऑर्गनने तिला उचललं. ती चढली, ऑर्गन चढला. दारू आली, परकी शहरं आली, आरशात न ओळखू येणारा चेहरा आला. लूडीला हे सगळं पाठ होतं. हे अडुसष्टपासूनचंच होतं. मग ओझेला थांबली. तिने मायक्रोफोन दोन्ही हातांत धरला आणि आवाज अगदी खाली आणला.

“आणि मग आईने मला बोलावलं.”

लूडीची बोटं चालूच राहिली. सवयच तशी.

“ठाऊक आहे ना तुम्हाला, माझी आई? त्या छोट्या खोलीत ती पडली होती. मी तिच्या पलंगाशी गुडघे टेकले. मी तिचा हात हातात घेतला, मंडळी, गार पडत चाललेला हात...”

“हो प्रभू!” कुणीतरी मागून ओरडलं.

आणि लूडीच्या ध्यानात आलं की ती वाजवतेय. बहीण खोटं बोलतेय आणि आपणच त्या खोट्याखाली मऊ गादी घालतोय, दर दम घेण्याला उत्तर देतोय, त्या गार हातावर सूर पांघरतोय. ज्या बोटांनी तो हात खरोखर धरला होता, त्याच बोटांनी. तिने दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

ऑर्गन थांबला.

ओझेला मुरलेली होती. ती पुढे बोलत राहिली. “तिने... तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, बाळा...” पण ते शब्द उघडे पडले होते. मंडळीतून कुणी ‘हो’ म्हणेना. कागदी पंख्यांची फडफड ऐकू येऊ लागली. ड्रमवाल्या ब्रदर प्यूने अंदाजाने झांज हलकीच वाजवली, लूडीने त्याच्याकडे बघितलं, त्याने काड्या खाली ठेवल्या. ओझेलाने पुन्हा ‘बाळा’पासून सुरुवात केली. या वेळी तिचा आवाज सुपरमार्केटच्या उद्घाटनासारखा आला.

तेव्हा मदर ओडम बोलली. ओरडली नाही, साधं बोलली. पण मायक्रोफोन तिच्या डोक्यावरच होता.

“सांभाळ रे प्रभू तिला.”

न्यू सायलोममध्ये वाढलेल्या प्रत्येकाला याचा अर्थ कळतो. बोलणारा रंगला की मंडळी हालेलुया म्हणते. बुडायला लागला की कुणीतरी कनवाळूपणे म्हणतं, सांभाळ रे प्रभू त्याला. याच्यापेक्षा शिवी बरी. मोठमोठे गवई या तीन-चार शब्दांच्या भीतीने आदल्या दिवशी जेवत नाहीत. ओझेलाने पस्तीस वर्षं गाताना हे कधी ऐकलं नव्हतं.

ती वळली. चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून तिने मायक्रोफोनवर हात झाकला आणि ऑर्गनपाशी आली.

“वाजव.”

“नाही.”

“टेप चालू आहे, लूडी.”

“असू दे.”

“माझं वाटोळं करते आहेस तू. सगळ्यांसमोर. वाजव म्हणते ना!”

“तू शपथ मोडलीस. आता खरं सांग, वाजवते.”

रेव्हरंड टॉलिव्हर खुर्चीतून अर्धवट उठले. “सिस्टर लूडी, जरा...”

“बसा, रेव्हरंड,” मदर ओडम म्हणाली. ते बसले.

ओझेला उभी राहिली. तिच्या गळ्यावरची शीर उडताना लूडीला दिसत होती. मग ती पुन्हा मंडळीकडे वळली, हात काढला आणि रुमाल न वापरता बोलायला लागली.

“मी तिथं नव्हते,” ती म्हणाली.

पुढच्या रांगेतले पंखे थांबले.

“माझी बहीण होती. तिनं मला तीन फोन केले, आई विचारतेय, ये. मी म्हटलं, मला काम आहे.” ती थांबली. “काम नव्हतं. चार दिवस मी मोटेलच्या खोलीत पडदे ओढून टीव्ही बघत बसले होते. त्या बक्षिसांच्या स्पर्धा असतात ना, त्या. फोन वाजला की टीव्हीचा आवाज मोठा करायचे. मला त्या खोलीची भीती वाटत होती. आईच्या वासाची भीती वाटत होती. शेवटचा फोन आला, तेव्हा एक बाई फ्रिज जिंकली होती, आणि मी टाळ्या वाजवत होते.”

लूडी ऐकत होती. काम नव्हतं. चार वर्षं तिने स्वतःला समजावलं होतं, असेल काम, कराराची कलमं असतात, पोट असतं माणसाला. काम नव्हतं. पण हे बोलणारा आवाज तिने चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. दोघी एका अंथरुणात झोपायच्या तेव्हाचा होता तो. तिच्या आतून काहीतरी सैल झालं. ती काही ठरवायच्या आत तिचा डावा पाय खाली गेला, आणि एकच सूर, अगदी खालचा, फरशीतून निघाल्यासारखा सगळ्या चर्चमध्ये पसरला.

“हो,” मदर ओडम म्हणाली. “आता बोल, लेकरा.”

ओझेलाने बोलणं सोडून गायला सुरुवात केली. कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं ते गाणं, गाणंही नव्हतं, नुसतं ‘क्षमा कर’ होतं, पुन्हा पुन्हा, कधी देवाला आणि कधी कुणाला ते कळत नव्हतं. आवाज दोनदा फाटला आणि तिने तो सावरला नाही. लूडी वाजवत होती आणि रडत होती, आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता. बायका भक्तीच्या भरात बाकांवरून उठून धावत होत्या. पांढरे हातमोजे घातलेल्या सेविका एकीला धरायच्या तोवर दुसरी कोसळायची. ब्रदर प्यू ड्रम सोडून भिंतीला डोकं टेकून उभा होता. मदर ओडम, जिला दोन माणसं धरून बाकावर बसवतात, ती काठी टाकून एकटी उभी होती आणि तिचे पाय जमिनीवर आपटत होते. किती वेळ चाललं कुणी बघितलं नाही. तेवढा वेळ लूडीला बहिणीची किळस आली नाही. स्वतःचीही नाही.

आशीर्वाद झाला, माणसं खालच्या मजल्यावर जेवायला गेली, तळलेल्या कोंबडीचा वास जिन्याने वर यायला लागला, तरी लूडी ऑर्गनपाशीच बसून होती. तिला एक गोष्ट ओझेलाला सांगायची होती. चार वर्षं तिने ती कुणाला सांगितली नव्हती.

आई शेवटच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला जागी झाली होती. तिने लूडीचा हात चाचपडून धरला आणि डोळे न उघडता विचारलं होतं, ‘ओझेला, आलीस?’ सहा वर्षं उशापायथ्याशी राबलेली लूडी, आणि आईने हाक मारली ती ओझेलाला. लूडीने एक श्वास घेतला होता आणि म्हटलं होतं, ‘आले गं आई.’ आईचा चेहरा फुलला होता. त्या फुललेल्या चेहऱ्यानेच ती गेली. ओझेलाचं खोटं म्हणजे असं बघितलं तर पुरतं खोटं नव्हतंच. आई ओझेलाचाच हात धरून गेली होती. ही गोष्ट लूडीने काट्यासारखी आत ठेवली होती. आज पहिल्यांदा तिला वाटलं, ती ओझेलाला देऊन टाकावी. त्या मोटेलच्या खोलीत बसलेल्या बाईला तिची गरज आहे.

ती पाळकांच्या खोलीत गेली. ओझेला आरशासमोर बसून डोळ्यांच्या खोट्या पापण्या काढत होती. एक निघाली होती, एक बाकी होती. टोप टेबलावर, बायबलवर होता. लॅटिमर खोलीत येरझाऱ्या घालत होता.

“ही बघा आली!” त्याने लूडीचे दोन्ही हात पकडले. त्याचे तळवे घामाने ओले होते. “सिस्टर लूडी, तुम्ही काय केलंत, तुम्हाला कल्पना आहे? ती शांतता! मी सतरा वर्षं या धंद्यात आहे. टेपवर सगळं आलंय. पंख्यांचा आवाजसुद्धा.”

“मला बहिणीशी बोलायचंय,” लूडी म्हणाली.

“हो हो, ऐक ना, मलाच बोलायचंय,” ओझेला आरशातूनच म्हणाली. “पुढच्या रविवारी अटलांटाला तू चल. शाळेत रजा टाक. तिथलं चर्च दोन हजारांचं आहे.”

“मी कशाला?”

“म्हणजे काय? तू हात उचलल्याशिवाय मी थांबणार कशी?” तिने पापणीच्या कडेला नख घातलं. “फक्त आज जरा लांबलं. मी परत ‘बाळा’ म्हटलं ना, तिथं लोक अस्वस्थ व्हायला लागले होते. तिथं एवढं ताणू नको. मी एकदा ‘वाजव’ म्हणेन, तू ‘खरं सांग’ म्हण, बास. आणि जरा मोठ्यानं म्हण, तुझा आवाज टेपवर बसलेला आलाय.”

लूडीला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने लॅटिमरच्या पकडीतून आपले हात सोडवून घेतले.

“ते खरं होतं का?” तिने विचारलं. “टीव्ही. फ्रिज जिंकलेली बाई.”

“खरं नाही तर काय!” ओझेलाला राग आला. तिचे डोळे खरोखर सुजलेले होते. “असलं कुणी मनानं रचेल का? खरं होतं म्हणून तर चाललं ना!”

“आईच्या खोट्यापेक्षा हे कितीतरी सुंदर आहे,” लॅटिमर म्हणाला. “फ्रिज! फ्रिजला तोड नाही.”

लूडी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. बाहेर जावं, जिना उतरावं, पुन्हा या बाईचं तोंड बघू नये, असं तिला वाटत होतं. पण ओझेलाने खुर्ची फिरवली आणि तिच्याकडे सरळ बघितलं.

“लूडी, एक विचारू? तू कधी सांगितलं नाहीस. आई शेवटी काय बोलली गं?”

आवाज हळू होता, अगदी बहिणीचा होता. लूडीचे ओठ उघडले. ‘ओझेला, आलीस?’ जिभेवर होतं. आणि तिने बहिणीच्या चेहऱ्याकडे बघितलं. एक डोळा पापण्यांचा, एक उघडाबोडका, दोन्ही वाट बघत होते. मान किंचित कलली होती. कुणाचं नवीन गाणं पहिल्यांदा कानावर पडलं की ओझेलाची मान अशीच कलायची. दुसऱ्या दिवशी ते गाणं तिचं झालेलं असायचं.

“काही नाही,” लूडी म्हणाली.

“काहीच नाही? असं कसं? काहीतरी बोललीच असेल.”

“पाणी मागितलं.”

“पाणी.” ओझेलाने तो शब्द तोंडात घोळवून बघितला. मग ती आरशाकडे वळली आणि दुसऱ्या पापणीला हात घातला.

“पाणी चालेल,” ती म्हणाली.